बावन्न ग्रॅमचं अंडं

"माझी पाठ सहा महिने दुखतेय. सहा. ती कुणी चोळली नाही. आणि हिची गळ्याखालची पिशवी दिवसातून चार वेळा, तीसुद्धा घड्याळ लावून."

थोरलीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती हातभर अंतरावर ओट्याशी उभी राहून कोमट पाणी गाळत होती आणि हे सगळं तिच्यासाठीच चाललंय हे तिलाही कळत होतं. पण लग्नाच्या एकवीस वर्षांत ती एवढं शिकली होती, की नवरा कोंबडीशी बोलत असेल तर बायकोने मध्ये पडू नये.

दादा बुटक्या स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन बसला होता. मांडीवर टॉवेल आणि टॉवेलात मास्तरीण. सहा वर्षांची, वीटकरी पिसांची. एरवी अंगणात अशी चालायची की कुणाच्या तरी वह्या तपासायला निघालीय. सासूबाईंनी नाव ठेवलं ते त्या चालीवरूनच. आता मात्र मान खांद्यांत, डोळे अर्धे मिटलेले आणि शेपूट असं खाली पडलेलं की बघवत नव्हतं.

"अहो, वरून खाली चोळा. खालून वर नाही."

"तू ये. तू चोळ."

"मी रात्री चोळली. आत्ता तुमची पाळी आहे."

"या घरात आता श्वास घ्यायचीसुद्धा पाळी लावा," दादा म्हणाला. पण त्याची दोन बोटं मास्तरणीच्या गळ्याखाली इतकी हळू फिरत होती, की थोरलीला हसू आलं. तरुणपणी स्वतःच्या तान्ह्या लेकाला तेल लावतानासुद्धा या माणसाचा हात एवढा हलका नव्हता. तो लेक आता शिकायला लांब होता आणि काल फोनवर आईबापांची चौकशी न करता थेट "मास्तरीण कशी आहे?" म्हणाला होता.

"झालं असेल तर आणा तिला," पुढच्या खोलीतून सासऱ्यांचा, अण्णांचा, आवाज आला. "दहा वाजले."

पुढची खोली म्हणजे पूर्वीचं दुकान. अण्णांनी तिथे पन्नास वर्षं वजनकाटे दुरुस्त केले. वाण्याचे, सोनाराचे, दवाखान्यातले बाळं मोजायचे, टपालाचे. दादाने धंदा पुढे मोठ्या रस्त्यावर नेला आणि तिथे आता आकडे आपोआप उमटणारे काटे विकले जात. पण एक पितळी, दोन पारड्यांचा काटा अण्णांनी हलू दिला नव्हता. एका पारड्यात केस टाकला तरी त्याला कळायचं, असं ते सांगत. आणि लहानपणी टाकून पाहिलेला असल्यामुळे दादा ते नाकारू शकत नव्हता.

अण्णांनी दोन्ही हातांनी मास्तरणीला उचललं. नुसतं धरल्याधरल्या म्हणाले, "वाढलंय." मग पारड्यात ठेवलं, दुसऱ्या पारड्यात वजनं चढवली, शेवटची बारकी चिमट्याने. काटा थरथरला आणि मधोमध उभा राहिला.

"एक किलो नऊशे ऐंशी. काल याच वेळेला चाळीसने कमी होती."

"टॉवेल ओला असेल," दादा म्हणाला.

"टॉवेल बाजूला ठेवलाय मी. तो बघ." अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "दोन दिवस दाणा नाही. आत जातंय ते नुसतं चमचा चमचा पाणी, बाहेर काहीच नाही. आणि बाईंचं वजन वाढतंय. कुठे अडलंय हे?"

विचारलं कोंबडीबद्दल, पण बघितलं या दोघांकडे. दादाला एकदम दुकान उघडायचं आठवलं. थोरलीला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं. गॅसवर काहीही नव्हतं.

*

कुठे अडलंय, याचा अंदाज थोरलीला कालपासून होता. आणि तो सांगायचा म्हणजे आठ महिन्यांची गोष्ट सांगावी लागणार होती.

सासूबाईंचं ते झालं तेव्हापासूनची. घरात असंच म्हणायचे, "ते झालं तेव्हा". कुणीही दुसरा शब्द वापरत नसे. दादाचा भाऊ, धाकटा, बेकरीची गाडी चालवायचा, तोंडाने फाटका. पण तोसुद्धा अण्णांसमोर वीज गेली म्हणायचा नाही, दिवे बंद पडले म्हणायचा.

तीन आठवडे अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून होते. दाढी नाही, पेपर नाही. जेवण समोर ठेवलं तर जेवायचे, नाही ठेवलं तर मागायचे नाहीत. दादा शेजारी बसून धंद्याच्या गोष्टी सांगायचा, धाकटा विनोद सांगायचा, दोघंही भिंतीला सांगून उठायचे. मास्तरणीला दाणे टाकायचंही थोरलीच्याच अंगावर आलं. चौथ्या की पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की खुराड्यात अंडं नाही. सासूबाई रोज सकाळी हात घालून काढायच्या, ते अंडं त्या दिवसापासून बंदच झालं होतं. कोंबड्या थांबतात मधून मधून, ती म्हणाली. स्वतःशीच.

मग एका सकाळी तिने काय केलं ते तिचं तिलाही नीट कळलं नाही. फ्रिजमधलं एक तपकिरी अंडं काढलं, पदराला पुसलं, खुराड्यात गवतावर ठेवलं आणि अण्णांच्या दाराशी जाऊन म्हणाली, "अण्णा, मास्तरणीने अंडं घातलंय. मला चोच मारतेय ती. तुम्ही काढता का?"

मग पलंग करकरला. मग चपला.

त्या दिवशी अण्णांनी चहा अंगणात घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने परत ठेवलं. तिला काय माहीत, की अण्णा उठलेले बघून धाकट्याच्या डोक्यात हेच आलं आणि तो बेकरीतून एक अंडं खिशात घालून आला. आणि त्याच्या बायकोच्या, धाकटीच्याही. चौथ्या दिवशी अण्णा सदऱ्याच्या ओच्यात तीन अंडी घेऊन आत आले. "आज मास्तरणीने ओव्हरटाइम केला," ते म्हणाले. हसलं मात्र कुणीच नाही, कारण तिघंही आपापल्या पायांचे अंगठे बघत होते.

दुपारी स्वयंपाकघरात सगळ्यांनी एकमेकांना कबुली दिली. धाकटी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते, तिला कुठलीही गोष्ट अंदाजाने चालत नाही. तिने पाळ्यांचा कागद बनवला आणि पिठाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. अक्षर तिच्या टिकलीचं, नऊ वर्षांच्या मुलीचं, त्यामुळे 'एकच!!' आणि 'तपकिरी!!' याखाली प्रत्येकी तीन रेघा होत्या.

तेव्हापासून रोज सातला अण्णा खुराड्यातून आत येत. मूठ मिटलेली. थोरलीसमोर उघडत आणि अंडं तिच्या तळव्यावर ठेवत. "घे. ताजं."

अंडं उबदार असायचं. सहाला गार ठेवलेलं, सातला उबदार. मास्तरीण बसली असेल त्याच्यावर, ती मनात म्हणायची आणि रोज तिला हायसं वाटायचं. कपडे धुण्याच्या दुकानात ती गल्ल्याशेजारी बसून लोकांच्या कोटांचे खिसे तपासायची. लोक काय काय लपवतात आणि काय काय विसरतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण स्वतःच्या तळव्यावर आलेली ऊब तिने कधी उलटी करून पाहिली नाही.

परवा मास्तरीण अंगणाच्या कोपऱ्यात फुगून बसली. धाकट्याने लगेच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला आणि तिथेच घोटाळा झाला. बाईंनी विचारलं, "अंडी देतेय ना नीट?" अण्णा समोर उभे. शाळेत हजेरी द्यावी तसे दादा, थोरली आणि धाकटा एकदम म्हणाले, "रोज!"

"मग अंडं अडकलेलं नसणार," बाई म्हणाल्या. "गळ्याखालची पिशवी तुंबली असेल. चोळा, आणि खायला देऊ नका."

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण काल बुधवार होता. बुधवार धाकटीचा. मास्तरीण स्वयंपाकघरात टोपलीत आजारी पडलीय, खुराड्यात कुणीच नाही, हे सगळं बघूनही धाकटीने बुधवार म्हणजे बुधवार म्हणून सकाळी तिच्या पोटाखाली अंडं सरकवलं. अण्णांना ते सापडलं. "एवढं आजारपण, तरी ड्यूटी चुकवली नाही," ते म्हणाले. फोनवर बाईंना तेही कळवलं गेलं. बाई म्हणाल्या, मग पोट मोकळं आहे, पिशवीच चोळत राहा.

म्हणून दादा चोळत होता.

*

अकरा वाजता अक्का आली. दादाची मोठी बहीण, मुलींच्या वसतिगृहाची मुख्य. दीडशे मुलींची निमित्तं ऐकून ऐकून तिचा एक डोळा कायमचा बारीक झाला होता. हातात नेहमीची पिशवी होती, पण मागोमाग रिकामी मोठी बॅगही आली. थोरलीने बॅग बघितली. दादाने थोरलीकडे बघितलं.

"अक्का, एवढी बॅग?" थोरली म्हणाली.

"अण्णांचे कपडे मावायला हवेत ना. महिनाभर नेते त्यांना. तिकडे मोठी बाग आहे, मुली आहेत, गप्पा होतील. इथे तुम्ही सगळे कामाला, आणि ते दिवसभर एका कोंबडीच्या भरवशावर."

"त्यांना विचारलंत?"

"विचारलं तर नाही म्हणतील. म्हणून बॅग आणलीय."

दादा गप्प होता. थोरलीला ते गप्प बसणं ओळखीचं होतं. त्याचा अर्थ, महिनाभर पाठ शेकून पडायला मिळालं तर बरं होईल, असा होता. तिला रागही आला आणि त्याच्या पाठीची दयाही.

अक्का आत जाऊन अण्णांना भेटली, मास्तरणीला बोटाने टोचून आली, "हिचं पोट बघा, ढोल झालंय" म्हणाली आणि चहाबरोबर काहीतरी करायला म्हणून सवयीने पिठाचं कपाट उघडलं. माहेरी येऊन बसून राहणं तिला कधीच जमलं नव्हतं. कपाटाचं दार बराच वेळ उघडं राहिलं.

"सोम, दादा. मंगळ, वहिनी. बुध..." ती वाचत होती. "एकच. तपकिरी. पुसून. सहाच्या आत. हे काय आहे?"

टेबलाशी टिकली चित्र रंगवत होती. आजारी मास्तरणीसाठी तिने शाळेला बुट्टी मारली होती आणि ती कुणालाच खटकली नव्हती. "अंड्यांचं आहे, आत्या," ती म्हणाली. "माझा शनिवार असतो. पण मला सहाला जाग येत नाही, म्हणून बाबा ठेवतात."

धाकटी दाराशी होती. तिने डोळे मिटले.

*

भांडण मागच्या मोरीशी झालं, कुजबुजत. नळ सोडून ठेवला होता, म्हणजे अण्णांना ऐकू जाऊ नये. त्यामुळे सगळ्यांना एकमेकांच्या तोंडाजवळ कान नेऊन भांडावं लागत होतं.

"म्हणजे मी दर रविवारी डबा भरून अंडी नेते ती..."

"कोपऱ्यावरच्या दुकानातली," धाकटा म्हणाला.

"वसतिगृहाच्याही कोपऱ्यावर दुकान आहे रे! मी दोन बस बदलून नेते! मुलींना बलक दाखवते. बघा म्हणते, माझ्या आईच्या कोंबडीचा रंग बघा!"

दादाला हसू फुटलं. ते त्याने खोकल्यात घालवायचा प्रयत्न केला, पण पाठीत कळ आली आणि तो नळ धरून वाकला. धाकटाही हसला. क्षणभर अक्कासुद्धा हसेल असं वाटलं. पण तिचा बारीक डोळा भरून आला होता.

"मला सांगावंसं वाटलं नाही कुणाला? मी काय परकी?"

"तुम्ही अण्णांना सांगितलं असतं, अक्का," थोरली म्हणाली.

"सांगितलंच असतं! वडील आहेत ते, बाळ नव्हेत. त्यांना अशी खेळणी देऊन..."

"ते उठले त्या खेळण्याने." थोरलीचा आवाज कुजबुजीच्या वर गेला, तिने तो खाली आणला. "तीन आठवडे भिंत बघत होते. तुम्ही नव्हता तेव्हा."

नळ वाहत राहिला. बोलून गेल्यावर थोरलीला जीभ चावावीशी वाटली.

"नव्हते," अक्का म्हणाली. "परीक्षा होत्या. रजा मागायची हिंमत झाली नाही, कारण रजा मागताना कशासाठी ते बोलावं लागलं असतं." तिने नाक पुसलं. "म्हणूनच बॅग आणलीय ना गं. तुम्ही नाही का अंडी ठेवत? तशी मी बॅग आणलीय."

थोरलीने तिचा हात धरला. तो ओला होता, नळाचाच असेल.

"ते राहू दे," अक्का लगेच वसतिगृहाच्या आवाजात आली. "डॉक्टरलाही 'रोज देते' असंच सांगितलंत की काय?"

"मी नाही सांगितलं," धाकटी म्हणाली आणि रडायलाच लागली. "मी फक्त ठेवलं. बुधवार होता."

"बुधवार होता!" धाकटा म्हणाला. "अगं, कोंबडी घरात, टोपलीत..."

"मग पाळी रद्द झाली असं कुणी लिहिलं का कागदावर? काही बदल असेल तर लिहायचं असं ठरलेलं होतं!"

"पुरे," अक्का म्हणाली. "पोटात अंडं आहे तिच्या. आठ महिन्यांनी आलं असेल आणि अडकलं असेल. आणि तुम्ही गळा चोळताय. संध्याकाळपर्यंत ती जगणार नाही. कोण सांगणार अण्णांना?"

सगळ्यांनी थोरलीकडे बघितलं.

"सुरुवात तूच केलीस," दादा म्हणाला. मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "मी असेन ना बरोबर. मागे उभा."

"मागे कशाला? पुढे उभे राहा की."

"पुढे उभं राहिलं तर मलाच बोलावं लागेल."

धाकट्याला तेवढ्यात युक्ती सुचली. डॉक्टरीणबाई दुपारी स्वतः यायच्या होत्या. त्यांना फाटकातच गाठायचं, खरं काय ते कानात सांगायचं आणि त्यांनी अण्णांसमोर आपणहून कळल्यासारखं करायचं. अण्णांना अक्काने बोलण्यात गुंतवायचं. मास्तरीण वाचेल आणि अंड्यांचं गुपितही वाचेल. सगळ्यांनी एकदम मान हलवली. अक्कानेसुद्धा, आणि मग आपण मान हलवली याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

*

फाटक वाजलं तेव्हा धाकटा धावला. अण्णा आधीच तिथे होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कुत्र्याचे केस चिकटलेला कोट आणि खांद्याला जड पिशवी. अण्णांनी ती पिशवी त्यांच्या खांद्यावरून काढून घेतली. "साडेचार किलो," म्हणाले. "एवढं एका खांद्यावर घेऊ नका, बाळा. बाजू बदलत जा."

मास्तरणीला पुढच्या खोलीत, पितळी काट्याशेजारच्या टेबलावर ठेवलं. सगळं घर आजूबाजूला उभं राहिलं. टिकली चित्र घेऊन आली होती. धाकटा बाईंकडे बघून भुवया उडवत होता आणि त्याच्या डोळ्यात काही गेलंय का, असं बाईंनी विचारलंदेखील.

त्यांनी मास्तरणीचं शेपूट उचललं, पोट हातात घेतलं, हळूच दाबलं. मास्तरीण कण्हली. कोंबडी कण्हते हे थोरलीने पहिल्यांदाच ऐकलं.

"इथे गोळा आहे," बाई म्हणाल्या. "फोनवर काय म्हणालात? काल सकाळी अंडं दिलं?"

धाकट्याच्या भुवया जागच्या जागी थांबल्या.

"मला नक्की सांगा, कारण दोन्हीत फार फरक आहे. काल अंडं दिलं असेल, तर हा गोळा दुसरा कसला तरी आहे. मग मला चिरून बघावं लागेल, आणि या वयात ती ते सोसेल असं मी म्हणणार नाही. पण बरेच दिवस दिलं नसेल, तर हे अडकलेलं अंडं आहे. मग कोमट पाण्यात बसवू, तेल लावू, औषध देऊ. तासाभरात सुटेल कदाचित. तर शेवटचं अंडं कधी?"

धाकट्याने धाकटीकडे बघितलं, धाकटीने दादाकडे. दादा, कबूल केल्याप्रमाणे, मागे उभा होता. अक्काचा हात रिकाम्या बॅगेच्या दांडीवर होता.

थोरलीच्या डोळ्यांपुढे तो पलंग आला, ती भिंत, आणि भिंतीवर अण्णांच्या श्वासाने पडलेला ओलसर डाग. मग तिने मास्तरणीचा अर्धा मिटलेला डोळा बघितला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ते कालचं अंडं..."

"बासष्ट ग्रॅमचं होतं," अण्णा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. अण्णांनी पितळी काट्याच्या पारड्यावर बोट टेकवलं, ते डुललं.

"हिचं अंडं आयुष्यात कधी चौपन्नच्या वर गेलं नाही. कालचं बासष्ट, परवाचं साठ. आणि त्या पहिल्या तीन अंड्यांतलं एक तर सत्तरच्या घरातलं होतं. एवढं घातलं असतं तर बिचारी दोन दिवस बसून राहिली असती." ते धाकट्याकडे वळले. "बेकरीतली मोठी असतात रे. तुझी पाळी असली की लगेच कळायचं."

"अण्णा..." दादा मागून पुढे आला.

"तू बरोब्बर मधोमध ठेवतोस. पहिल्यापासून तसाच आहेस. धाकटी गवत सारखं करून ठेवते. टिकली उठली तर बाजूला एक पीस ठेवते." टिकलीने चित्रामागे तोंड लपवलं. "पन्नास वर्षं दहा ग्रॅमने खोटं बोलणारे काटे पकडले मी. आणि तुम्ही मला फ्रिजमधली अंडी देताय."

थोरली एक पाऊल पुढे सरकली. "पण ते गार नसायचं, अण्णा. तुम्ही माझ्या हातावर ठेवायचात तेव्हा कोमट असायचं. रोज."

अण्णांनी आपल्या हातांकडे बघितलं. तळवे मोठे होते, पितळेने पिवळे झालेले.

"खुराड्याशी थोडा वेळ धरून उभा राहायचो मुठीत," ते म्हणाले. "तुझ्या हाताला गार लागलं असतं, तर मला कळलंय हे तुला कळलं असतं. मग तू ठेवलं नसतंस. आणि मग सकाळी उठायचं कशासाठी?"

अक्काने बॅगेची दांडी सोडली. बॅग कलली आणि भिंतीला टेकली. कुणी उचलली नाही.

डॉक्टरीणबाईंनी मास्तरणीच्या पाठीवरचा हात काढला नव्हता. त्यांना यातलं किती कळलं कोण जाणे, पण आता त्यांनी आवाज उतरवून विचारलं. "आजोबा, मग खरं शेवटचं कधीचं?"

अण्णांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले, आधी एक काच, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. दादाने तोंड उघडलं, "बाई, ते झालं तेव्हा..." आणि अण्णांनी चष्मा धरलेला हात वर करून त्याला थांबवलं.

"आठ महिने झाले," ते बाईंना म्हणाले. "सकाळी साडेसहाला आमच्या हिने खुराड्यात हात घातला, अंडं काढलं, आत येऊन या पारड्यात ठेवलं. रोज ठेवायची, मला चिडवायला. सांगा बघू किती, म्हणायची, वजनं न लावता. मी म्हटलं, बावन्न. लावून बघितलं तर बावन्नच. हसली. आणि नऊ वाजता ती गेली, डॉक्टर. माझी बायको गेली. त्यानंतर एकही नाही."